शुक्रवारपर्यंत आकडा हवाय, पण मोजायचं काय?

प्रश्न: एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी टीम लीड आहे. तीन डेव्हलपर आणि एक टेस्टर अशी आमची टीम. एका क्लायंटला गोदामांतला साठा आणि खरेदी सांभाळणारी प्रणाली हवी आहे. सध्या त्यांचं सगळं एक्सेलच्या फाइलींवर चालतं. माझ्या हातात फक्त सहा पानांचं टिपण आहे आणि साहेबांना ‘किती महिने’ याचं उत्तर शुक्रवारपर्यंत हवंय. मागच्या प्रकल्पाला मी चार महिने म्हणालो होतो, सात लागले. टाइमशीटवर ३,२४० तास पडले. या वेळी साहेब म्हणतात, ‘तुझ्या आकड्यावर २० टक्के बफर टाक आणि दे.’ पण माझा मूळ आकडाच हवेतला आहे. कोणी सांगतं कोडच्या ओळी मोजा, कोणी फंक्शन पॉइंट, कोणी स्टोरी पॉइंट. मी काहीही सांगितलं तरी साहेब ते निम्मं करणार हे वेगळंच, आणि हल्ली ‘एआय टूल आहे, अर्ध्या वेळात होईल’ हेही ऐकावं लागतं. नेमकं काय करू?
— एक टीम लीड

उत्तर: तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: ३,२४० तास. बऱ्याच टीमकडे असा आकडा नसतो, आणि असला तरी प्रकल्प संपल्यावर तो कुणी उघडून पाहत नाही. तुमचा पुढचा अंदाज त्याच्यावरच उभा करायचा आहे. साहेबांचे २० टक्के तूर्त बाजूला ठेवा. हवेतल्या आकड्यात पाचवा हिस्सा मिळवला की थोडा मोठा हवेतला आकडा तयार होतो, एवढंच.

‘चार महिने’ म्हणताना तीन वेगवेगळे प्रश्न एका दमात उरकले गेले होते. सॉफ्टवेअर केवढं आहे, हा आकार. ते उभं करायला किती मनुष्यतास लागतील, हे श्रम. आणि तेवढे तास तुमच्या टीमकडून कॅलेंडरवर कधी भरून निघतील, हा कालावधी. आकारावरून श्रम काढायचे आणि श्रमांवरून कालावधी. थेट महिन्यांवर उडी मारणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यात आणखी एक तोटा आहे. अंदाज चुकला तर तो कुठे चुकला हे नंतर कळतच नाही. काम मोठं निघालं, टीम हळू चालली, की माणसं दुसऱ्याच कामात अडकली होती? तिन्ही दुखण्यांची औषधं निराळी आहेत.

आता तुमच्यापुढचे तीन पर्याय. ओळी मोजायला सोप्या, पण लिहून झाल्यावरच. आज एकही ओळ लिहिलेली नाही, मग त्यांचा अंदाज करायचा आणि त्या अंदाजावर दुसरा अंदाज रचायचा. शिवाय तेच काम एका भाषेत ५० ओळींत होतं, दुसरीत २०० लागतात, आणि फ्रेमवर्कने आपोआप तयार केलेला कोड धरायचा की नाही यावर वाद होतो तो वेगळाच. संगणकतज्ज्ञ बॅरी बोएम यांनी १९८१ मध्ये मांडलेलं कोकोमो हे सूत्र कोडचा आकार हजार ओळींच्या एककात घेऊन त्यावरून श्रम काढतं, पण त्यातले गुणांक त्या काळच्या ६३ प्रकल्पांवरून आलेले आहेत. ते जसेच्या तसे उचलून श्रम काढू नका. त्या सूत्रातून घेण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे घातांक. साध्या, ओळखीच्या प्रकल्पांसाठी तो १.०५ आहे आणि यंत्रात बसवायच्या, कडक बंधनांच्या प्रणालींसाठी १.२०. याचा अर्थ, आकार दुप्पट झाला की श्रम पहिल्या प्रकारात २.०७ पट होतात आणि दुसऱ्यात २.३० पट. म्हणून छोट्या कामाचा तासांचा दर फार मोठ्या कामाला लावू नये. तुमचे दोन्ही प्रकल्प साधारण एकाच मापाचे दिसतात, त्यामुळे तुम्हाला ही अडचण नाही.

स्टोरी पॉइंट चांगले आहेत, पण या कामासाठी नाहीत. ते त्या त्या टीमचं आपापसांतलं माप असतं. तीन-चार स्प्रिंट, म्हणजे कामाचे ठरावीक मुदतीचे छोटे टप्पे, होऊन दर स्प्रिंटला किती पॉइंट निघतात हे दिसलं, की पुढच्या स्प्रिंटची आखणी त्यांवर छान होते. काम सुरूच झालेलं नसताना ‘एक पॉइंट म्हणजे आठ तास’ असं ठरवून टाकलं, तर तो वेगळ्या नावाचा तासच.

उरले फंक्शन पॉइंट. आयबीएममधल्या अ‍ॅलन अल्ब्रेक्ट यांनी १९७९ मध्ये ही रीत मांडली. कोड कसा लिहिणार आहात याच्याशी तिला देणंघेणं नाही. वापरणाऱ्याला काय मिळणार आहे ते ती मोजते. त्यामुळे सहा पानांच्या टिपणावरूनही सुरुवात करता येते. पाचच प्रकारच्या गोष्टी मोजायच्या. प्रणाली स्वतः सांभाळते ते माहितीचे गट म्हणजे अंतर्गत फाइली. त्यांना साधी, मध्यम, अवघड अशा क्रमाने ७, १० किंवा १५ गुण. दुसऱ्या प्रणालीने सांभाळलेले आणि आपण फक्त वाचतो ते गट म्हणजे बाह्य फाइली. ५, ७, १०. माहिती आत घेणारे व्यवहार, म्हणजे इनपुट. ३, ४, ६. काहीतरी हिशेब करून बाहेर देणारे व्यवहार, म्हणजे आउटपुट. ४, ५, ७. आणि हिशेब न करता आहे तेच शोधून दाखवणाऱ्या चौकशा. ३, ४, ६.

तुमच्या टिपणावरून हे कसं दिसेल ते करून पाहू. पान आमच्यासमोर नाही, म्हणून अशा प्रणालीत सहसा जे असतं ते धरलंय. तुमच्या नोंदी तुम्ही भरा.

फाइलींपासून सुरुवात करा. वस्तू, पुरवठादार, गोदामं, वापरकर्ते, खरेदी ऑर्डर, आवक आणि निर्गम असे सात अंतर्गत गट होतात. इथेच पहिली चूक होते. लोक डेटाबेसमधले टेबल मोजतात. खरेदी ऑर्डरचं शीर्षक एका टेबलात आणि तिच्यातल्या ओळी दुसऱ्या टेबलात असल्या, तरी वापरणाऱ्याच्या दृष्टीने ती एकच ऑर्डर, म्हणून फाइल एकच. तिच्यात दोन उपगट आहेत आणि रकाने २० ते ५० च्या दरम्यान आहेत, म्हणून ती मध्यम, १० गुण. आवक आणि निर्गम यांचंही तसंच. उरलेल्या चार साध्या, प्रत्येकी ७. एकूण २८ आणि ३०, म्हणजे ५८. मोजमापाची एककं, राज्यांची यादी, ‘मंजूर/नामंजूर’ असल्या ड्रॉपडाउनच्या याद्या मोजायच्या नाहीत, टेबल वेगळं असलं तरी. क्लायंटच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली खातेयादी आणि करांचे दर आपण फक्त वाचणार असू, तर त्या दोन बाह्य फाइली, साध्या, मिळून १०.

एवढं हाती आलं की व्यवहार मोजण्याआधीच एक झटपट आकडा काढता येतो. नेदरलँड्समधल्या नेस्मा या संस्थेची ढोबळ रीत अशी: प्रत्येक अंतर्गत फाइलीला ३५ आणि बाह्य फाइलीला १५. तुमच्यासाठी सात गुणिले ३५ अधिक दोन गुणिले १५, म्हणजे २७५. साहेब दारात उभे असतील तर हा आकडा अर्ध्या तासात निघतो. पण शुक्रवार लांब असेल तर पुढे जा.

इनपुट. वस्तू, पुरवठादार, गोदाम, वापरकर्ता या चारांना प्रत्येकी भर, बदल, काढून टाकणं, असे १२ साधे व्यवहार, ३६ गुण. ऑर्डर तयार करताना ऑर्डर, पुरवठादार आणि वस्तू अशा तीन फाइलींना हात लागतो आणि रकानेही बरेच आहेत, म्हणून अवघड, ६. दुरुस्ती ६, मंजुरी ४, रद्द करणं ३, मिळून १९. आवकेचे तीन व्यवहार ६, ४, ३ म्हणजे १३, निर्गमाचेही १३. इनपुट एकूण ८१. स्क्रीन मोजू नका. एका स्क्रीनवर तीन व्यवहार असू शकतात आणि एका व्यवहाराला चार स्क्रीन लागू शकतात.

आउटपुट. साठ्याचं मूल्य आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरकडे बिलं पाठवणं हे दोन अवघड, १४. पुरवठादारवार खरेदी, महिन्याचा वापर आणि पडून राहिलेला माल हे तीन मध्यम, १५. साठा किमान पातळीखाली गेल्याची सूचना साधी, ४. एकूण ३३. चौकशा नऊ: चार याद्या आणि वस्तूचा शोध साध्या, १५; ऑर्डर, आवक, निर्गम पाहणं आणि प्रलंबित ऑर्डरी मध्यम, १६. एकूण ३१.

५८, १०, ८१, ३३, ३१. बेरीज २१३.

झटपट रीतीने २७५ आले होते, तपशिलात २१३. हा फरक दोन प्रकारे वाचता येतो. एक, तुमच्या सातपैकी चार फाइली अगदी साध्या आहेत, म्हणून ढोबळ रीत जरा जास्त बोलली. दोन, टिपणात लिहायच्या राहिलेल्या गोष्टी आहेत. माल परत करणं कुठे आहे? एका गोदामातून दुसऱ्यात हलवणं? वर्षअखेरची प्रत्यक्ष मोजणी आणि तफावतीची नोंद? आमचा कल दुसऱ्या वाचनाकडे आहे. साठ्याच्या प्रणालीत परतावा नाही असं क्वचितच असतं. शुक्रवारच्या आत क्लायंटला एक फोन करून हे तीन प्रश्न विचाराच. ‘हो’ आलं तर त्यांचे गुण मिळवा.

मोजणी दोघांनी वेगवेगळी करावी, एकमेकांची पाहू नये, आणि मग ताडून पाहावी. बेरजा जुळतात का यापेक्षा कुठल्या ओळीवर दोघं वेगळं बोलले ते जास्त कामाचं. तिथे टिपण दोन अर्थांनी वाचता येतं असं समजा, आणि तो प्रश्न क्लायंटसाठी लिहून ठेवा. मूळ रीतीत प्रणालीच्या १४ सर्वसाधारण वैशिष्ट्यांवरून बेरीज ०.६५ ते १.३५ पट करण्याचीही सोय आहे. ती सोडून द्या. आयएसओचं मानकही या गुणकाशिवायच्याच मोजणीचं आहे, आणि तुमच्या कामाचा अवघडपणा तुमच्या स्वतःच्या तासांच्या दरात आधीच उतरलेला असतो. तो पुन्हा गुणला तर दोनदा धरला जाईल.

हा दर कसा काढायचा, तर मागचा प्रकल्प त्याच रीतीने आज मोजा, प्रत्यक्ष दिलेल्या स्वरूपात. समजा १८० आले. ३,२४० भागिले १८०, म्हणजे एका फंक्शन पॉइंटला १८ तास. या १८ मध्ये काय काय आहे हे मात्र तपासून लिहा. टेस्टरचे तास आहेत का? क्लायंटशी झालेल्या बैठका? दिल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातल्या दुरुस्त्या? उशिरापर्यंत बसून केलेलं, पण टाइमशीटवर न चढवलेलं काम? जे त्या वेळी धरलं तेच या वेळी धरायचं. आणि हा दर अख्ख्या प्रकल्पाची सरासरी आहे. पुरवठादारांच्या यादीला तो एकट्याने लावला तर हास्यास्पद आकडा येईल, कारण साधी मास्टर स्क्रीन, म्हणजे नुसत्या यादीतल्या नोंदी भरण्याची, सरासरीपेक्षा कितीतरी स्वस्तात होते आणि मंजुरीची साखळी कितीतरी महाग पडते.

मग मागच्या प्रकल्पाचं सुरुवातीचं टिपण शोधा आणि तेही मोजा. आकारवाढीचा तुमचा स्वतःचा पुरावा तिथेच मिळेल. समजा टिपणात १५० होते आणि दिलं १८०, तर वाढ २० टक्के. साहेबांच्या बफरचा आकडा योगायोगाने जुळलाच, तर आता तुम्हाला तो कशाचा आहे हे सांगता येईल. २१३ ची २० टक्क्यांनी वाढ धरली की २५६ होतात.

कमीत कमी: टिपणाइतकंच काम, जुनाच दर; २१३ गुणिले १८, म्हणजे ३,८३४ तास. मधला: २५६ गुणिले १८, ४,६०८. वरचं टोक: एकाच प्रकल्पावरून आलेल्या दरावर फार भार टाकता येत नाही, हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी जोडणी तुमच्यासाठी नवी असेल, म्हणून २२ तास धरू, ५,६३२.

एक काम यात आलेलंच नाही: एक्सेलमधला जुना साठा नव्या प्रणालीत आणणं. हे एकदाच होतं, म्हणून ते वापराच्या मोजणीत बसवू नका, वेगळं काढा. त्यासाठी तीन बिंदूंचा अंदाज पुरतो: सगळं सुरळीत झालं तर १६० तास, बहुधा २६०, वाईटात वाईट ६००. मधल्याला चारदा धरून सहाने भागा: १६० अधिक १,०४० अधिक ६००, भागिले ६, म्हणजे ३००. दोन टोकांतल्या फरकाचा सहावा भाग सुमारे ७३; हे झालं विचलन, म्हणजे आकडा साधारण किती हलेल ते. म्हणून २०० ते ४०० असं बोलायला हरकत नाही. वरचं टोक ६०० का, तर तीच वस्तू तीन नावांनी नोंदलेली, तारखा मजकूर म्हणून टाइप केलेल्या, आणि कोणती फाइल ताजी हे सांगणारा माणूस रजेवर, हे एक्सेलच्या बाबतीत नेहमीचंच. क्लायंटकडून खऱ्या फाइलींचा नमुना आजच मागवा. तो येईपर्यंत यातलं काहीच पक्कं नाही.

तीन बिंदूंच्या रीतीबद्दल एक सावधगिरी. अशी पुष्कळ कामं एकत्र करताना काही जण वर्गमूळ वापरून एकूण अनिश्चितता खाली आणतात. २० तासांचं विचलन असलेली दहा कामं मिळून २०० ऐवजी ६३ तासांचं विचलन दाखवतात. गणित बरोबर आहे, पण ते एकमेकांशी संबंध नसलेल्या कामांसाठी. सॉफ्टवेअरमध्ये दहाही कामं एकाच संदिग्ध अटीमुळे किंवा एकाच माणसाच्या आजारपणामुळे एकदम लांबतात. ६३ वर विसंबू नका.

डेटा मिळवून सगळं धरलं तर साधारण ४,००० ते ६,००० तास, मध्य ४,९००.

आता कॅलेंडर. एका माणसाच्या महिन्याचे १५२ तास धरा, म्हणजे सुट्ट्या-रजा वगळून आठ तासांचे १९ दिवस. कोकोमोतही हेच माप आहे. मागच्या वेळी चार माणसं सात महिने, म्हणजे ४,२५६ तास हाताशी होते. त्यातले ३,२४० प्रकल्पाला मिळाले: ७६ टक्के. बाकीचे जुन्या क्लायंटच्या तक्रारी, मुलाखती, बैठका यांत गेले. ‘चार महिने’ चुकण्यात याचा वाटा किती होता ते बघा; आठवड्याचे पाचही दिवस पूर्ण मिळतील हे गृहीत धरूनच बहुतेक तारखा दिल्या जातात. या वेळीही ७६ टक्केच धरले, तर चौघांचे मिळून महिन्याला ४६२ तास. ४,९०० ला साडेदहा महिने. ४,००० ला पावणेनऊ, ६,००० ला तेरा.

धक्का बसला असेल. म्हणूनच एक उलटतपासणी. कोकोमोतलं कालावधीचं सूत्र श्रमांवरून नैसर्गिक मुदत काढतं: मनुष्यमहिन्यांचा ०.३८ वा घात गुणिले २.५. ४,९०० तास म्हणजे सुमारे ३२ मनुष्यमहिने. उत्तर येतं जवळजवळ सव्वानऊ महिने, सरासरी साडेतीन पूर्णवेळ माणसांसह. तुमची चार माणसं ७६ टक्के वेळ म्हणजे तीन पूर्णवेळ. आकडे एकमेकांच्या आसपास आहेत. सूत्र ओळींसाठी नाकारलं आणि मुदतीसाठी वापरलं, हे विसंगत वाटेल. पण इथे ते फक्त पडताळ्यासाठी आहे, आणि श्रमांचा आकडा तुमचा स्वतःचा आहे.

याच सूत्राचा साहेबांसमोर आणखी एक उपयोग होतो. नैसर्गिक मुदतीच्या ७५ टक्क्यांखाली काम आवळता येत नाही, असं कोकोमो मानतं. म्हणजे माणसं वाढवली तरी सात महिन्यांच्या खाली जायचं नाही. साहेब ‘चार माणसं आणखी देतो’ म्हणाले, तर त्यांना जोड्या मोजून दाखवा: चौघांत आपसांत बोलण्याच्या ६ जोड्या, आठांत २८. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं ओतली की उशीर वाढतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच सांगून ठेवलंय, आणि त्याचं कारण साधं आहे: नव्यांना शिकवायला जुन्यांचेच तास जातात. माणसं हवी असतील तर पहिल्या महिन्यात, सातव्यात नकोत.

आता तुमचं खरं दुखणं, साहेब निम्मं करतात ते. यात थोडी चूक तुमच्याही बाजूची असू शकते. तुम्ही एकच आकडा देता, त्यामागे काय आहे हे दिसत नाही, मग समोरच्याला ती घासाघीस वाटते आणि तो घासाघीसच करतो. अंदाज, लक्ष्य आणि वचन या तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. ‘सहा महिन्यांत हवं’ हे लक्ष्य आहे आणि ते ठेवण्याचा साहेबांना पूर्ण हक्क आहे. त्यामुळे अंदाज बदलत नाही. ‘थोडं कमी करा ना’ याला कमी आकडा हे उत्तर नाही. ‘यातलं काय पुढच्या टप्प्यात टाकू?’ असं विचारा, आणि ती यादी आधीच तयार ठेवा.

तुमच्या मोजणीतून ती अशी निघेल. तीन मध्यम रिपोर्ट पुढे ढकलले, १५ गुण. वापरकर्त्यांची नोंद सुरुवातीला तुम्हीच थेट डेटाबेसमध्ये करून दिली, तर तिथले तीन इनपुट आणि एक चौकशी, १२ गुण. फाइल मात्र राहते, तिचे ७ कापू नका. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची जोडणी दुसऱ्या टप्प्यात, दोन बाह्य फाइली आणि बिलं पाठवणं, १७ गुण. एकूण ४४. वाढ धरून सुमारे ९५० तास, म्हणजे तुमच्या टीमचे दोन महिने. वर म्हटल्याप्रमाणे दर सरासरीचा असल्यामुळे यातही गफलत आहे: वापरकर्त्यांच्या साध्या स्क्रीनमधून हिशेबापेक्षा कमी वाचेल आणि जोडणीतून बहुधा जास्त. तरी साडेदहावरून साडेआठवर आणण्याची ही सरळ वाट आहे. एक गोष्ट मात्र कापू देऊ नका, ती म्हणजे टेस्टिंग. ती यादीत टाकली तर साहेब आनंदाने तीच निवडतील, आणि ते तास दिल्यानंतरच्या दुरुस्त्यांत व्याजासकट परत येतील.

एआयबद्दल वाद घालू नका, टाइमशीट काढा. समजा ३,२४० पैकी ४० टक्के तास निव्वळ कोड लिहिण्यात गेले होते. तो वेळ खरंच निम्मा झाला तरी एकूण वाचतात २० टक्के, कारण क्लायंटशी बोलणं, अटी स्पष्ट करून घेणं, टेस्टिंग, जुना डेटा आणि बसवून देणं तेवढंच राहतं. त्यातून तयार झालेला कोड वाचून तपासण्याचा वेळ वजा करायचा. किती, हे तुमच्या टीममध्येच मोजता येईल: मागच्या प्रकल्पातल्या एखाद्या मध्यम भागासारखा भाग टूल वापरून करा, सुरुवातीपासून टेस्टरने पास करेपर्यंतचे तास मोजा, आणि जुन्याशी ताडून पाहा. फरक दिसला तर दर १८ वरून खाली आणा, बिनधास्त. मोजण्याआधी आणू नका.

शेवटची एक शंका तुम्ही विचारली नाहीत, पण साहेब विचारतील: ४,००० ते ६,००० ही रेंज किती भरवशाची? बोएम यांच्या मांडणीनुसार अटी पक्क्या झाल्यावरही अंदाज ०.६७ ते १.५ पट हलू शकतो. अगदी सुरुवातीला तर पाव ते चौपट. तुमची रेंज त्याहून अरुंद आहे. ओळखीच्या प्रकारची प्रणाली, तीच टीम, स्वतःचा दर, यामुळे ती तशी ठेवता येते. पण टिपण खरोखरच पूर्ण असेल तरच. अनिश्चितता नुसते दिवस गेल्याने कमी होत नाही, प्रश्नांची उत्तरं मिळाल्याने होते. म्हणून दोन आठवड्यांचा अभ्यास वेगळा मागा, शक्य तर त्याचे पैसेही वेगळे: सगळे व्यवहार लिहून काढणं, नमुना एक्सेल तपासणं, हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी एक बिल प्रत्यक्ष पाठवून पाहणं. त्यानंतर पुन्हा मोजणी. पुढे क्लायंटने काही वाढवलं की तेही त्याच रीतीने मोजा आणि गुणिले १८ करून लगेच कळवा, त्याच आठवड्यात.

शुक्रवारच्या मेलमध्ये एवढं पुरे:

‘सहा पानी टिपणावरून मोजलेला आकार २१३ फंक्शन पॉइंट, मोजणी सोबत जोडली आहे. मागच्या प्रकल्पाचा दर आणि आकारवाढ धरून श्रम ४,००० ते ६,००० तास. सध्याच्या चार माणसांच्या टीमला, ७६ टक्के वेळ मिळेल असं धरून, ९ ते १३ महिने. माल परत करणं, एका गोदामातून दुसऱ्यात हलवाहलव आणि वार्षिक मोजणी यात धरलेली नाही. क्लायंटच्या एक्सेल फाइली पाहिलेल्या नाहीत. मुदत कमी हवी असल्यास पुढच्या टप्प्यात टाकता येण्याजोग्या बाबी आणि त्यांतून वाचणारे तास खाली दिले आहेत. दोन आठवड्यांच्या अभ्यासानंतर सुधारित अंदाज देऊ.’

‘९ ते १३’ मधला ९ तेवढा उचलून क्लायंटला सांगितला जाईल, ही भीती खरी आहे. म्हणून क्लायंटच्या बैठकीला स्वतः जा, नाहीतर साहेबांना दोन्ही टोकं एकाच वाक्यात लिहून द्या.